पुसू नये असा चष्मा

आमचे काका काचेच्या कारखान्यात काचा पुसायचे. तीस वर्षं हेच काम. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यांनी पुसलेल्या काचेवर एक डाग शोधून दाखवा, मी नाव बदलून ठेवीन! खिशातलं मऊ फडकं त्यांना जिवापलीकडे प्रिय. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी त्यांच्या खिडक्या पुसतील. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला होते, येणं-जाणं बरोबरच, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

काकूंची लाँड्री होती. वाफेची इस्त्री फिरली की त्यांच्या चष्म्यावर धुकं बसायचं. एकदा त्या आंधळेपणात बोट भाजलं, वर गिऱ्हाईकाचा कोटही जळाला. काकू म्हणाल्या, "बास झालं. महिनाअखेरीला दुकानाला कुलूप!" आणि त्यासाठी नवं कुलूप विकतही आणलं. दुकान म्हणजे त्यांचा जीव. काकांना घास गोड लागेना.

कारखान्यातल्या संशोधक मॅडम तेव्हा काचेवर एक नवा थर चढवून बघत होत्या. त्यात केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे उंचवटे. त्यामुळे वाफेचे थेंब साचत नाहीत, पाणी सपाट पसरतं आणि आरपार दिसत राहतं. काकांनी गळ घातली. मॅडमनी काकूंच्या नंबरच्या काचांवर थर चढवून दिला आणि बजावलं, "काका, फार नाजूक आहे. पुसायचं नाही हं."

"छे छे," काका म्हणाले.

लाँड्रीच्या पायरीवर त्यांनी चष्म्याची डबी उघडली. काचेवर धुळीचा कण दिसला. हात आपसूक खिशात गेला आणि तीस वर्षांचं कसब पणाला लागलं. आत काकूंनी इस्त्री लावली, चष्मा पांढराफटक. काकांचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आवरेना, आणि त्यांची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना खरं ते सांगून टाकलं. मॅडम पोट धरधरून हसल्या आणि पुन्हा थर चढवून दिला. या वेळी फडकं काकूंच्या ताब्यात, डबी माझ्या. काका हात पाठीमागे घट्ट धरून चालले.

इस्त्री फुसफुसली, वाफेचा लोट उठला. काकू त्यातून काकांकडे बघतच राहिल्या.

"अहो, तुमचे केस इतके पांढरे कधी झाले?"

"दिसतंय?"

"एकेक केस दिसतोय! ते नवं कुलूप परत देऊन या आधी."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात सवयीनं खिशाकडे गेला, खिसा रिकामा. काकूंनी कमरेला खोचलेलं ते फडकं काढलं आणि त्यांचे डोळे पुसले. म्हणाल्या, "हे पुसलेलं चालतं."