खुशीची भरती

पहिल्या जर्मन लढाईत आमच्याकडची माणसं पलटणीत उचलून नेली. सक्ती कागदावर कुठंच नव्हती. गावामागं अमुक माणसं पाहिजेत, एवढाच निरोप वरून यायचा. माझे वडील तेव्हा पाटील. ज्याच्या मागं बोलणारं कुणी नाही, त्याच्या दारात ते चार गडी घेऊन उभे राहायचे. एक जण राजगडाच्या रानात पळाला, तर त्याची बैलजोडी चावडीपुढं बांधून घातली, ना वैरण ना पाणी. बैल हंबरायला लागले तसा तो आपण होऊन खाली उतरला.

दुसऱ्या लढाईत पाटीलकी माझ्याकडं होती. आता सगळं खुशीचं, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, असं भोरला बोलावून आम्हाला सांगितलं. मला बरं वाटलं. वडिलांसारखं वागायची पाळी आपल्यावर येत नाही म्हणायची. पण शेजारच्या गावच्या पाटलानं माणसं दिली आणि भर सभेत त्याला फेटा बांधला. मी मागं उभा होतो. मला तो फेटा हवा होता. गावाच्या भल्याची वगैरे जी कारणं मी आजवर सांगत आलो, ती खोटी.

तरण्या पोरांना भैरोबाच्या देवळात बोलावलं आणि भरतीला जाईन म्हणून बेलभंडारा उचलायला लावला. देवापुढचा बेल आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही; मोडला तर घर बसतं, अशी धास्ती. बाकीच्यांनी उचलला. वरच्या वाडीतल्या एका विधवा धनगरणीचा एकुलता लेक तेवढा मागं सरकला.

“पाटील, मंग बकरी कोन राखंल?”

“तुजी आई हाय की. का दाढी पिकंस्तवर तिच्या पदराखालीच बसनार?”

सगळे हसले. एक जण म्हणाला, “आरं, लांडग्याला भीत न्हाईस आन् सायबाला भितोस व्हय?”

त्यानं मान खाली घालून भंडारा उचलला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. पायरीशीच उभी राहिली.

“शपत तुमी घातली, तुमीच उतरवा. देवाला नारळ फोडा, म्हंजी पोरगं सुटंल.”

अशी शपथ उतरवता येते, हे मला ठाऊक होतं. नारळ घरातच होता.

“म्या काय बांदून न्हेतोय व्हय त्याला? आपल्या हातानं उचललाय त्यानं.”

ती पायरीवरूनच माघारी गेली.

भोरला भरतीचा साहेब एकेकाला समोर घेत होता. शेजारचा कारकून त्याचं बोलणं मराठीत सांगायचा, “खुशीनं आलास ना? नसशील, तर आत्ता घरी जा. कोणी काही म्हणणार नाही.” खरंच कोणी म्हणालं नसतं. पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी दुसरीकडं पाहिलं.

“खुशीनं आलो,” तो म्हणाला.

मला फेटा मिळाला. पोरगं ब्रह्मदेशाकडं कुठंतरी गेलं आणि तिकडंच मेलं.

लढाई संपल्यावर मार्गासनीच्या वाटेवर त्याची म्हातारी समोर आली. वाट अरुंद, टाळता येईना.

“पाटील, तुमच्या वडलांनी माज्या दिराला न्हेला, तवा सासूनं चावडीपुढं हुबं ऱ्हाऊन त्यास्नी शिव्या घातल्या. रोज घालायची. तिचं तरी मन हलकं झालं. म्या कुनाला घालू? माजं प्वार तर खुशीनं ग्येलं.”

मला घाल, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “सरकारला घाल.”

“सरकार म्या कुटं बगितलंय?” म्हणाली आणि बकऱ्यांमागं निघून गेली.

ती गेल्या साली वारली. म्हणून आता हे लिहायची हिंमत होते आहे. ही हिंमतही तिच्या माघारीच.