शेपटीवर रंगाचे तीन हात

आमचा मामा कुठल्याही नव्या जागेत शिरला की आधी छताकडे बघतो. समोरचा माणूस हात पुढे करून उभा असतो आणि मामा वर बघत "हं, वळणावर घोटाळा केलाय" असं काहीतरी पुटपुटत असतो. मोठमोठ्या कचेऱ्यांत थंड हवा फिरवणारे पत्र्याचे बोगदे बसवणं हा त्याचा धंदा.

"हवेचंच काम करायचं होतं, हवेचंच करतोय," तो म्हणतो. "पंखाखालून जायची ती साहेबांच्या मानेवरून जाते, एवढाच फरक."

हे तो इतक्या सराईतपणे म्हणतो की ऐकणारा हसून मोकळा होतो. मीही बरीच वर्षं हसलो.

मामाला विमानं बनवायचं शिकायचं होतं. त्याच्या शाळेत तेव्हा असं कोणी म्हणत नसे. गावाला वाटलं, पोरगा वैमानिक होणार. केस कापता कापता न्हावी विचारायचा, "मला खिडकीशेजारची जागा देशील ना?" मामा म्हणायचा, "अहो, मी चालवणार नाही, बनवणार." "मग तर काय, खिडकीच तुझ्या हातात!"

गणिताचे सर त्याला समजवायचे, "आधी मेकॅनिकल कर. विमान काही पळून जात नाही."

"सर, पळून जाणं हेच तर त्याचं काम आहे," असं मामा म्हणाला आणि तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिला.

विमानांची डिग्री देणारं विद्यापीठ तेव्हा एकच, तेही लांब, आणि जागा मोजक्या. आधी लेखी परीक्षा. त्यात पास झालेल्यांना मुलाखतीला बोलवायचे, येताना स्वतः बनवलेलं, इंजिन नसलेलं छोटं विमान घेऊन. ते सगळ्यांसमोर उडवायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. मामा लेखी परीक्षेत वरच्या नंबरात आला. हलकं लाकूड आणि पातळ कागद वापरून त्याने विमान केलं. शाळेच्या सभागृहात ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असं सरळ जायचं की शिपाईसुद्धा झाडू टाकून बघत बसायचा.

पुढची गोष्ट आमच्या घरात आजोबा सांगायचे, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला. आजोबा म्हणजे मामाचे वडील, तो त्यांना अण्णा म्हणतो. धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. अजूनही बाहेर पडले की लोकांनी लिहिलेली अक्षरं तपासत चालतात.

"सगळं झालं होतं हो," आजोबा सांगायचे. "पण साहेबांसमोर उभं केलं आणि याची दातखीळ बसली! साधा प्रश्न, हा आपला खांबासारखा उभा. विमान मात्र आवडलं हं सगळ्यांना. रंगकाम माझं होतं."

पाहुणे हसायचे. मामाही हसायचा आणि भाजी पुढे सरकवायचा.

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण बारावी झाली आणि तिनेही हेच खूळ घेतलं. विमानं. आमच्या बाबांनी तिच्यासाठी कॉम्प्युटर ठरवून टाकलेलं, त्यामुळे ती त्यांच्यासमोर अवाक्षर काढत नव्हती. बाबा कामावर होते, आम्ही आजोबांकडे जेवायला बसलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "मामा, तुला नक्की विचारलं काय होतं रे मुलाखतीत?"

"तो काय सांगणार?" आजोबा म्हणाले. "त्याची तर दातखीळ—"

"का पडलं, असं विचारलं होतं," मामा म्हणाला.

आजोबांचा घास हातातच राहिला. "काय पडलं?"

"विमान, अण्णा. तुमच्यासमोरच पडलं की."

"पडणारच ना. आपटलं, मग पडलं."

"का आपटलं, असं विचारत होते." मामाने ताट किंचित लांब सारलं. चिडलेला नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसं बोलत होता. "शेपटीवर तुम्ही रंगाचे तीन हात मारले होते. पाटीला मारतात तसे. शेपटी पंखांपासून लांब असते. तिथे चिमूटभर वजन वाढलं तरी तराजू कलंडावा तसं विमान मागे कलंडतं. नाक वर करतं, जागच्या जागी थबकतं आणि खाली येतं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी ते दोन बोटांवर तोललं तेव्हाच कळलं होतं."

मामा सांगत राहिला. उपाय अगदी साधा होता. नाकावर चिकणमातीचा एक गोळा. तो मामाच्या खिशात होताही. विद्यापीठाच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्याने तो मळायला घेतला. शेजारी आजोबा विमान मांडीवर घेऊन बसले होते, कडक इस्त्रीच्या शर्टात. हातातलं एका मोठ्या दुकानाच्या पाटीचं काम बाजूला ठेवून त्यांनी ते रंगवलं होतं. नाकावर दोन डोळे, पापण्यांसकट. गोळा बघून ते म्हणाले, "नाकाला हात लावू नकोस हं. सगळ्यात बारीक काम तिथेच आहे."

मामाने गोळा परत खिशात टाकला.

पहिल्या फेकीला विमान पडलं. परीक्षकांमधल्या एक बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "पुन्हा टाका. काही बदलायचं असेल तर बदला." मामाचा हात खिशात गेला. भिंतीलगत पालकांच्या खुर्च्या होत्या, तिथून आजोबा त्याला मान हलवून धीर देत होते. मामाने आहे तसंच टाकलं, ते पुन्हा पडलं. बाईंनी विचारलं, "का पडलं असेल, काही अंदाज?"

"आणि मी म्हटलं, माहीत नाही," मामा म्हणाला. "तुम्ही ऐकत होता ना."

आजोबा बराच वेळ ताटाकडे बघत होते. मला वाटलं, आता डोळ्यांतून पाणी येणार. पण त्यांनी मान वर केली तेव्हा ते चक्क भडकलेले होते.

"गाढवा," ते म्हणाले, "मग सांगायचंस की! नाकाला हात लावू नको म्हटलं असेन मी. माणूस बोलतो. अण्णा, हा लावला नाही तर पडतं, एवढं म्हणायला काय झालं होतं? मी त्या गोळ्यालाही रंग दिला असता!"

मामा उठून हात धुवायला गेला.

जाताना त्याला सोडायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो. "इतकी वर्षं," तो म्हणाला, "मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी काहीतरी सोडलं. रागसुद्धा नव्हता. आता कळतंय, कोणी मागितलंच नव्हतं रे." पुढे चालताना त्याने एकदाही वर बघितलं नाही.

आजोबांनी तो किस्सा पुन्हा कुणाला सांगितला नाही.

दोन दिवसांनी धाकटी मला घेऊन मामाकडे गेली. कुठल्या विद्यापीठात पंख तपासायचा वाऱ्याचा बोगदा आहे, कुठे नुसतं पुस्तकी शिकवतात, आधी मेकॅनिकल करून मग इकडे यावं का, सगळं विचारायचं होतं. मामाने ऐकून घेतलं.

"हे तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस. बाबांना काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. त्यांना वाईट वाटेल."

मामाने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. "मी तुझा बाबा. सांग."

"मामा, काहीतरीच काय!"

"मामा नाही. बाबा."

ती हसली, मग ओढणी सारखी करून उभी राहिली. "बाबा, मला कॉम्प्युटर नाही करायचं. मला विमानांचंच शिकायचंय."

"बरं," मामा म्हणाला.

"बरं काय? असे असतात का बाबा? जरा ओरड तरी!"

मामाने भुवया चढवल्या, घसा खाकरला, टेबलावर आपटायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. बाप म्हणून तो अगदीच कुचकामी निघाला. "पुन्हा सांग," एवढंच म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज स्थिर होता आणि मामा खिडकीकडे बघत होता.

त्याच संध्याकाळी, पायातल्या चपला काढायच्या आधी, तिने बाबांना सांगून टाकलं. मी आतल्या खोलीत जाऊन मामाला फोन लावला.

"ओरडले?"

"खूप."

"मग?"

"मग म्हणाले, पानं घेतलीत, जेवायला चला."

"एवढंच?" मामाने विचारलं.

मी हो म्हटलं.