रिकामा ड्रम

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमच्या शेजारच्या गाळ्यात लोखंडी कपाटं रंगवणारे एक काका आहेत. दिसेल त्या ड्रमवर ते दोन बोटांनी टकटक करतात आणि आत किती लिटर माल आहे ते सांगतात. सहसा चुकत नाहीत.

मध्यंतरी बाजारात थिनर मिळेनासं झालं. मी शहाणपणा करून एक ड्रम आधीच भरून ठेवला होता. काका आले.

"शेठ, वीस लिटर तरी द्या. नाहीतर उद्यापासून माणसं घरी बसवावी लागतील."

"थेंब नाही हो काका. हा बघा, रिकामाच," म्हणत मी नेमका त्याच ड्रमला टेकलो. खोटं बोलायलाही जागा निवडावी लागते, तेवढी अक्कल मला नाही.

काकांनी सवयीने बोटं वाजवली. ड्रम बद्द वाजला. माझे कामगार जमिनीकडे बघू लागले.

"हां, रिकामाच," काका शांतपणे म्हणाले. "झाकण घट्ट लावा, उडून जाईल."

तासाभराने मीच कॅन उचलून त्यांच्या गाळ्यात गेलो. काकांनी कॅनवर टकटक केली.

"वीस. रिकाम्या ड्रममधून बरंच निघालं की, शेठ. बसा, चहा सांगतो."