ऐकण्याचे वीस रुपये

गिऱ्हाइकाला स्पीकर नुसता ऐकवायचेही पैसे घेणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या धाकट्या जावेचा भाऊ निघावा हे माझं भाग्य. येरमाळ्यात हमरस्त्याला लागून त्याचं दुकान. बाकीचे दुकानदार आधी चहा पाजतात. हा आधी वीस रुपये मागतो. स्पीकरची पेटी विकत घेतली तर परत, नाही घेतली तर देवाला वाहिले समजा. पैसे दिले की चपला बाहेर, मोबाईल स्टीलच्या डब्यात, पंखा बंद, आणि दहा मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही. मध्येच एसटीनं हॉर्न दिला तर हा गंभीरपणे सांगणार, "एक मिनिट वाढवून दिलं." आणि स्वतः पेटीवर तळहात ठेवून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं असा टक लावून बसणार, की मुलगी बघायला आलेले पाहुणेही इतकं निरखत नसतील.

तेव्हा मी पन्नाशीची, महिला भजनी मंडळाची प्रमुख, आणि स्वतःच्या आवाजावर बेहद्द खूश. मी सूर लावला की दारातलं कुत्रं उठून का जातं, याचा विचार मी कधी केला नव्हता. मंडळासाठी पेट्यांची जोडी घ्यायला आठ बायका घेऊन गेले, आणि वीस रुपये ऐकून दारातच भांडायला उभी राहिले.

"अहो भाऊ, खरबूजवालासुद्धा फोड फुकट चाखवतो!"

"चाखवतो की, अक्का. पर फोड हितं खाऊन खरबूज सोलापुरात जाऊन कोण घेत न्हाय. पेटी घेत्यात."

"ऐकल्यानं तुमची पेटी झिजते का?"

"पेटी न्हाय झिजत. मी झिजतो."

शेवटी पैसे टेकवून फुरंगटून बसले. आम्ही सोबत नेलेलं आमच्याच भजनाचं रेकॉर्डिंग लागलं. उजव्या पेटीतून मी गात होते, त्याचा तळहातही तिच्यावरच. डावी ठार मुकी! पण नियम म्हणजे नियम, नऊ बायका दहा मिनिटं मिठाची गुळणी धरून. आमची वाकडी तोंडं त्यानं वीस रुपयांच्या रागावर घातली असावीत. वेळ संपताच मी पलीकडच्या रसवंतीपर्यंत पोचेल असं ओरडले, "डावी पेटी बंदच आहे की! तुम्हाला ऐकू येत नाही का?"

बायका खिदळल्या. तो हसला नाही. त्या रस प्यायला गेल्यावर माझ्या ओठांकडं बघत हळूच म्हणाला, "न्हाय येत, अक्का. जत्रंत कर्ण्याखाली उभं राहून उमर गेली. मोठ्यानं बोललेलं कळतं, गाणं कळत न्हाय. फुकट ऐकणारा फोनमधी बघत बसतो. पैसे मोजलेला मन लावून ऐकतो, मंग त्याच्या तोंडावरून मला पेटी कळती. कुठं बोलू नका. बहिऱ्याकडनं आवाज कोण घेईल? दुकान जाईल माझं."

म्हणजे एसटीचा हॉर्नसुद्धा हा आमच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखत होता! खरं तर पैसे त्यानंच आम्हाला द्यायला हवे होते. माझ्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही. जावेची भांडणं मी तिच्याआधी गावाला सांगितली आहेत. पण हे नाही सांगितलं. उलट बाजारभर सांगत सुटले, "ऐकायचे पैसे घेतलेच पाहिजेत, फुकट्यांना कान नसतात." पुढं नवा माल आला की तो मला निरोप धाडायचा. मी वीस रुपये देऊन समोर बसायची, आणि माझं तोंड बघून तो बटणं फिरवायचा. आवाज खरखरला की नाक मुरडायचं, सुधारला की मान डोलवायची. गाण्यानं जे मला कधी मिळालं नाही, ते थोबाडानं मिळालं: कुणीतरी मन लावून दाद दिली.

आता मी सत्तरी ओलांडलेली, नातवंडांची आजी. परवा येडेश्वरीचं दर्शन घेऊन तशीच दुकानात गेले. पंखा बंद झाला, पेटी लागली. मी सवयीनं मान डोलवली, योग्य जागी डोळेही मिटले. दहा मिनिटांनी त्यानं माझी वीसची नोट माझ्याच हातात परत ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"का हो भाऊ?"

"असू द्या, अक्का," तो मोठ्यानं, अगदी सावकाश म्हणाला. "आज तुमालाबी ऐकू आलं न्हाय."

मग त्यानं माझा हात धरून पेटीवर ठेवला, शेजारी आपला ठेवला. लाकूड बारीक थरथरत होतं. गाणं कोणतं होतं, ते दोघांनीही विचारलं नाही.