मी इथं राहतो याचा दाखला

आयुष्यभर मी पोरांच्या वर्तणुकीचे दाखले लिहिले. शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर ‘वर्तणूक चांगली’ असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. ज्यानं माझ्या सायकलची हवा सोडली त्याचीसुद्धा वर्तणूक चांगलीच. त्यामुळे मुलगी फोनवर म्हणाली की बाबा, तुमच्यावर एकही गुन्हा नाही असं पोलिसांकडून आणावं लागेल, तेव्हा मला त्यात काही अवघड वाटलं नाही. फक्त एक कळेना. गुन्हा केला असेल तर त्याचा पुरावा असतो, न केल्याचा पुरावा कुठून आणायचा?

मुलगी थायलंडला नोकरी करते. एकुलती एक. तिची आई गेल्यापासून तिचं एकच पालुपद, तांड्यावर एकटे राहू नका. गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं, हिंगोलीहून नांदेडला न्यावं लागलं, तेव्हा तिनं निक्षून सांगितलं की तुम्ही इकडे या, नाहीतर मी नोकरी सोडून येते. ती बोलते तसं करते, हे मला ठाऊक होतं. तिला शिकवताना तिच्या आईनं काय काय सोसलं तेही ठाऊक होतं. ती नोकरी माझ्या छातीपायी सुटावी, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. निवृत्त माणसांना तिकडे जास्त काळ राहू देणारा एक व्हिसा असतो. त्याला पेन्शनचा कागद लागतो, डॉक्टरचा लागतो आणि हा पोलिसांचा.

सेनगावच्या ठाण्यात गेलो. ते म्हणाले, हे काम जिल्ह्याच्या कचेरीत. तिथं गेलो तर म्हणाले, नोकरीसाठीचा दाखला आमच्याकडे, परदेशासाठीचा पासपोर्टवाल्यांकडे. पासपोर्टवाल्यांनी अर्ज घेतला, फोटो घेतला आणि सांगितलं की आता चौकशी तुमच्या ठाण्यातूनच होईल, सेनगावच्या. म्हणजे निघालो होतो तिथंच पुन्हा येऊन पोचलो. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो.

मग मोबाइलवर एक मेसेज आला. त्यातलं इंग्रजी मला लागेना, म्हणून सेनगावात ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानदाराला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला की गुरुजी, पोलिसांचा अहवाल तुमच्या विरोधात गेलाय. असं म्हणून त्यानं माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

परतीच्या जीपमध्ये मी माझं सगळं आयुष्य तपासलं. कॉलेजात असताना पोरांबरोबर एसटी अडवली होती, पण पोलीस यायच्या आत पळालो होतो. निवडणुकीच्या ड्यूटीवर डुलकी लागली होती. एका सरपंचाला भर सभेत अरेतुरे केलं होतं. जवळा बाजारला बैलगाडीतून जाताना दुसऱ्याच्या शेतातला हरभरा उपटून खाल्ला होता, पण तो काय मी एकट्यानं खाल्ला होता? ‘कर नाही त्याला डर कशाला’ हा सुविचार मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल. आता काही केलेलं आठवत नव्हतं, तरी डर होतीच.

शेवटी ठाण्यात जाऊन चौकशी ज्याच्याकडे होती त्या हवालदारालाच गाठलं. भला माणूस. त्यानं मला बसायला खुर्ची दिली.

“गुन्हाबिन्हा काही न्हाई तुमच्यावर,” तो म्हणाला. “पण गुरुजी, तुमी त्या पत्त्यावर राहतच न्हाई.”

मी म्हणालो, माझा जन्म त्या घरातला. तो म्हणाला, मी स्वतः तांड्यावर गेलो होतो. घराला कुलूप होतं. आजूबाजूला विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगितलं, मास्तर कवाच निघून गेला, इथं राहत नाही. समोरच्या म्हातारीनं तर असा माणूसच माहीत नाही असं सांगितलं.

समोरची म्हातारी म्हणजे माझी काकी. चुलता जाऊन बरीच वर्षं झाली, तिची दोन्ही पोरं पुण्याला. बायको गेल्यापासून माझं दोन्ही वेळचं जेवण तिच्याच चुलीवर. हवालदार आला त्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला हिंगोलीला गेलो होतो, जाताना तिच्याच हातची भाकरी बांधून. आणि ती मला ओळखत नव्हती!

घरी येऊन विचारलं तर काकीचा चेहरा खुलला. आपल्या गोरमाटी बोलीत तिनं सगळं रंगवून सांगितलं. तिला वाटलं होतं, शाळेच्या खिचडीच्या तांदळाचं जुनं काही निघालं असेल. पोलीस दिसताच तिनं शेजाऱ्यांना खुणावलं. माझ्या छातीला तकलीफ नको म्हणून मला कुणी काही बोललं नाही.

आमच्या बंजारा तांड्याची ही रीत मलाच आठवायला हवी होती. खाकी कपडा ज्याचं नाव विचारत येतो, तो माणूस इथं राहत नसतो. आजोबांच्या काळात कुठंही बैल चोरीला गेला की पहिली धाड तांड्यावर पडायची आणि हाती लागेल त्याला नेलं जायचं. तेव्हापासून लेकरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. माझा पासपोर्ट निघाला तेव्हा मी सेनगावात भाड्यानं राहत होतो, म्हणून तेव्हा ही भानगड झाली नाही. मी चिडलो, मग हसलो, मग पुन्हा चिडलो. एवढ्या मायेनं मला कुणी बुडवलं नव्हतं.

मी दुसऱ्यांदा चौकशीसाठी अर्ज दिला आणि घरोघर सांगत फिरलो की पोलीस येईल, त्याला खरं सांगा. लोक आणखीच घाबरले. मास्तरच खरं सांगा म्हणतोय, म्हणजे प्रकरण फार मोठं असणार. काकीला तेवढं नीट समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जाऊन येणार ना? मी म्हणालो, व्हिसा वर्षाचा असतो, पुढं वाढवून मिळतो. ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

हवालदार पुन्हा आला तेव्हा मी घरीच होतो. त्याला शेजारच्या दोघांचा जबाब हवा होता. पलीकडच्या घरवाल्यानं माझ्या तोंडाकडे बघत बघत सही केली. मग काकीची पाळी आली. ती ओट्यावर बसली, पदर सारखा केला.

“आजी, हे गुरुजी इथं राहतात का?”

हवालदाराला तिनं मराठीत उलट विचारलं, “आन मी न्हाई म्हणलं तर?”

“तर यांना जाता येणार न्हाई.”

ती माझ्याकडे पाहू लागली. त्या वेळी मला काय वाटत होतं ते अजूनही धड सांगता येत नाही. तिनं व्हय म्हणावं असं वाटत होतं, पोरीसाठी. आणि न्हाई म्हणावं असंही वाटत होतं. म्हणजे मला जायचं नव्हतं का? मग इतके हेलपाटे मी कशासाठी घातले होते? माझं मलाच कळत नव्हतं.

“राहतो,” काकी म्हणाली. “जन्मल्यापून इथंच राहतो. लिवा.”

हवालदारानं तिचा अंगठा घेतला. शाई न पुसताच ती उठून घरात गेली. तो गेल्यावर मी तिच्या मागं गेलो. ती चुलीपुढं पाठमोरी बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, काकी, आता दाखला येईल.

“आला की मला सांगू नको,” ती म्हणाली.

दाखला येऊन आता बरेच दिवस झाले. मुलीनं तिकीट काढलं आहे. काकी रोज भाकरी वाढते, काही विचारत नाही, आणि मीही तिला अजून सांगितलेलं नाही.