एका मेंढीचं माप

नेऱ्याच्या माळाला धनगरांची चार घरं होती, त्यातलं एक गेणू आणि बयाबाईचं. पावसाळा सरला की पाणथळीत चरलेल्या मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी साठायचं, त्या वाळत जायच्या आणि माघापर्यंत कळप विरळ व्हायचा. म्हणून गुरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध आणायची सवय बयाबाईनंच घराला लावली. पहिल्या वर्षीच्या बाटलीला दातेरी कागदाची पट्टी चिकटवलेली होती. एक खूण म्हणजे एका मेंढीचं औषध. गुण चांगला आला.

पुढच्या वर्षी, साठ-एकसष्ट साल असावं, गेणू तापानं निजला होता म्हणून त्याचा धाकटा भाऊ बहिरू तीच रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात गेला. आता औषध परदेशी होतं, जहाल, पत्र्याच्या डब्यातून आलेलं. कंपाउंडरनं ते बाटलीत ओतून दिलं आणि बजावलं, मेंढीला एक ड्राम, कोकराला अर्धा. ड्राम हा शब्द बहिरूनं जन्मात ऐकला नव्हता. पट्टीवरच्या खुणेलाच दवाखान्यात ड्राम म्हणत असतील, अशी त्यानं समजूत करून घेतली. सकाळी त्यानं आणि बयाबाईनं मिळून एकेक खूण पाजायला सुरुवात केली. अर्धा कळप पाजून झाला तेव्हा पहिली मेंढी झिंगली आणि पाय झाडत आडवी झाली. मग तिच्या मागची. पाजलेल्यांतली एकही वाचली नाही.

बहिरूनं अन्न सोडलं. शेजारचा नथू सगळ्यांना सांगत सुटला की दवाखान्याचं औषध म्हणजे विष, आता तिकडं फिरकायचं नाही. गेणूलाही ते पटलं. बयाबाई मात्र उरलेल्या मेंढ्यांचे जबडे चाचपत होती. तिथं पाणी धरायला लागलं होतं.

तिनं बाटली पदराखाली घेतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि घोटाळा त्यांच्या ध्यानात आला. ती खूण औंसाची होती. ड्राम म्हणजे औंसाचा आठवा भाग. परदेशी डब्यावर आणखी तिसरंच माप छापलेलं, आणि आता नव्या कायद्यानं सगळं मिलिलिटरमध्ये सांगायचं, असं ते समजावू लागले. बयाबाईनं त्यांना थांबवलं.

"डाक्टर, ह्या नावांचं मला काय करायचं न्हाई. एका मेंढीला लागंल तेवढं माज्यासमोर वता. मला डोळ्यांनी बघू द्या."

डॉक्टरांनी काचेच्या मापात ओतलं. ते एवढंसं औषध बघून तिचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. दवाखान्यामागच्या बांबूच्या बेटातून तिनं बोटाएवढं नळकांडं तोडून आणलं. डॉक्टर त्यात मापाचं पाणी ओतायचे, ती कोयत्यानं कड उतरवायची, पुन्हा ओतायचे. पाणी बरोबर काठाला लागेपर्यंत असं चाललं. कोकरांसाठी निराळं केलं, त्याहून आखूड. डॉक्टर जेवण सोडून तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

घरी गेणू आडवा आला. "उरल्यासुरल्या बी मारतीस का?"

"न पाजता मरणारच हायेत," ती म्हणाली. "पयला एडका पाजते."

पुढच्या विणीची सगळी भिस्त त्या एडक्यावर होती. त्याला पाजून ती त्याच्याजवळ उन्हात बसून राहिली. नथू लांबून बघत होता. उन्हं कलली तेव्हा एडका अंग झाडून उठला आणि बोराटीला तोंड लावू लागला.

दुसऱ्या सकाळी बयाबाईनं नळकांडं बहिरूच्या हातात दिलं. त्यानं ते परत तिच्यापुढं धरलं.

"तुमीच पाजा, भावजी," ती म्हणाली, आणि तिनं मेंढीचं तोंड उघडून धरलं.

शिमग्यापर्यंत जबडे ओसरले. नथू नळकांडं मागायला आला, तेव्हा तिनं ते दिलं नाही. त्यालाच सोबत घेऊन दवाखान्यात गेली आणि त्याच्या हातानं त्याचं कापून घेतलं.

पुढं औषधं बदलत गेली. औषध बदललं की ती जुनं नळकांडं चुलीत घालायची. घरात राहिलं तर कुणीतरी उचलील, म्हणायची. एका वर्षी बदलून आलेल्या नव्या डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी पुढं केली आणि म्हणाले, आता मापाची कटकट संपली. बयाबाईनं एक गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली.

"ही मोठीची, का कोकराची?" तिनं विचारलं.