गालात धरायची गोळी

डॉ. वासंतीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या फोनवर भांडत होत्या. पिरंगुटच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून माझा तो पहिलाच दिवस. पलीकडचा औषधवाला ‘असली नशेची औषधं आम्ही ठेवत नाही’ म्हणत होता आणि ताई त्याला कॅन्सरच्या वेदना म्हणजे काय ते सुनावत होत्या. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी कौतुकाचे चार शब्द लिहावेत, अशी अपेक्षा आहे. पण खरं सांगते, लिहायला बसले की मला आधी रागच येतो.

घोटावड्याच्या ज्ञानोबाआजोबांचंच घ्या. कॅन्सर हाडांत पसरलेला. रोजचं मॉर्फिन चालू होतं. मध्येच कळ उसळली तर गालात धरून विरघळवायची जादा गोळी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिली होती. दिली म्हणजे चिठ्ठी हातात ठेवली, “गालात धरा” म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. गुण येईना, तेव्हा आजोबा नाटक करतात असं ठरवून मोकळे झाले. मुलगा मेटाकुटीला आलेला. एकदम दोन-तीन गोळ्या देऊन बघायचं त्याच्या मनात होतं.

ताई त्यांच्या घरी गेल्या आणि आजोबांसमोर जमिनीवर बसल्या. “आता कळ आली की माझ्यासमोर घ्या, मला बघू द्या.” कळ आली, आजोबांनी गोळी गालात सारली. तोंड लाळेनं भरलं तशी पिकदाणी ओढून थुंकले.

“आजोबा, थुंकलात का?”

“गालात धरल्यालं गिळत्यात व्हय? जल्मभर तंबाखू धरली, कदी गिळली न्हाई.”

ताई हसल्या नाहीत. पिशवीतून खडीसाखर काढून त्यांनी घरातल्या सगळ्यांना एकेक खडा दिला आणि गालात हळूहळू फिरवत विरघळवायला शिकवलं. चावायचं नाही, थुंकायचं नाही. मग मुलाला बाजूला घेतलं. “एकदम तीन दिल्या असत्यास आणि त्यांनी नीट धरल्या असत्या, तर श्वास थांबला असता. ठरल्यापेक्षा जास्त नाही. घरात दुसऱ्या कुणाचं कितीही दुखलं तरी त्याला ही द्यायची नाही. कुलपात ठेव.”

संध्याकाळी पुन्हा कळ आली, तोवर ताई तिथंच थांबल्या होत्या. या वेळी आजोबांनी गोळी नीट विरघळवली. थोड्या वेळानं त्यांच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. “आता लई बरं वाटतंय,” म्हणाले आणि सुनेकडं चहा मागितला. अंगणात येऊन ताईंनी त्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. “तुमचा पेशंट नाटक करत नव्हता. तुम्ही बघितलं नव्हतं.”

अशी घरं आमच्या मुळशी तालुक्यात किती असतील, कोण जाणे. तिथं अजूनही ताईच जातात. आपण मात्र त्यांच्या सेवाभावाचे गोडवे गातो, हार घालतो आणि आपापल्या घरी जातो.

ताईंनी निरोगी राहून शंभरी गाठावी. आणि त्यातली उरलेली वर्षं त्यांना घरी निवांत बसता यावं, इतकी तरी लाज आपल्याला वाटावी.